फुलाची पाठही टिपा

महोदय,

उत्तराखंडमधल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स या राष्ट्रीय उद्यानातून परतलेल्या वाचकांची छायाचित्रे दर पावसाळ्यात पुरवणीत छापून येतात. चित्रे देखणी असतात, पण खाली ओळ एवढीच: ‘हिमालयातील पिवळे रानफूल’. याला कारण आहे. जो तो फूल समोरून टिपतो, आणि ओळखीच्या खुणा बहुधा पाठीमागे नाहीतर पानात असतात.

पाच पाकळ्यांचे पिवळे फूलच घ्या. पोटेंटिला की रॅननक्युलस (दोन्ही रानफुलांच्या प्रजाती), हे नुसत्या समोरच्या चित्रावरून सांगताना जाणकारही चाचरतो. फूल न तोडता, मोबाइल खाली नेऊन पाठ टिपली की निवाडा होतो. पोटेंटिलाच्या पाच निदलांखाली (पाकळ्यांच्या मागची हिरवी दले) आणखी पाच छोट्या हिरव्या पात्यांचे कडे असते, रॅननक्युलसला ते नसते. असे कडे जिअम या दुसऱ्या पिवळ्या फुलालाही असते, म्हणून बुंध्याजवळच्या पानाचेही चित्र हवे. तेरड्याच्या जाती मागच्या शेपटीच्या लांबीवरून आणि वळणावरून वेगळ्या करतात. ती समोरून दिसतच नाही, बाजूने टिपावी लागते. जिरेनियमच्या बाबतीत पानाच्या देठाच्या बुडाशी पाहा: तिथे रुंद उपपर्णे (पानासारखी छोटी पाती) असतील तर ती वॉलिचियानम ही जात. पांढऱ्या अ‍ॅनिमोनी रिव्ह्युलॅरिसची निळसर झाक तर फक्त पाठीवरच असते.

हेमकुंडच्या वाटेवरच्या ब्रह्मकमळाला वरून, थोडे तिरके टिपावे. पाकळ्या वाटतात ती पातळ, पिवळसर पांढरी आवरणे असतात, खरी फुले आतल्या जांभळट गुच्छांत. (आपल्याकडे कुंडीत रात्री उमलते आणि ज्याचे फोटो आपणही छापता, ते मेक्सिकोकडचे निवडुंगाच्या कुळातले झाड. दोघांचे काही नाते नाही.)

फोटो बिघडतात ते मुख्यतः तीन कारणांनी. गर्द हिरव्या पार्श्वभूमीवर कॅमेरा उजेड वाढवतो आणि पांढऱ्या पाकळ्या कोऱ्या होतात. फुलावर बोट दाबून फोकस पक्का करावा आणि पाकळीच्या शिरा दिसेपर्यंत उजेड खाली ओढावा. निळी पॉपी जांभळी येते, कारण ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सोय) धुक्यात फसतो. तो ‘क्लाउडी’वर ठेवून पाहावा. तिसरा वारा. कॅमेऱ्यात शटरचा वेग 1/250 सेकंदाच्या खाली नेऊ नये, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. उघडी छत्री वाऱ्याच्या बाजूला धरली की देठ बराच स्थिर राहतो. मोबाइल फुलाला चिकटवू नये, वीतभर दूर राहून 2एक्स (दुप्पट) झूम वापरावा. पोर्ट्रेट मोड तर नकोच. तो पुंकेसर आणि तेरड्याची शेपटी पार्श्वभूमी समजून धूसर करून टाकतो.

पायवाट सोडून मात्र कोणी आत शिरू नये. वाटेच्या कडेलाच भरपूर फुले असतात.

आणखी एक. मे महिन्याच्या सुटीत जाता येईल का, असे अनेक जण विचारतात. उद्यान 1 जूनला उघडते, तेव्हाही बर्फ असतो. खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत.

पुरवणीने छायाचित्रे मागवताना प्रत्येक फुलामागे समोरच्या चित्राखेरीज निदान चार चित्रे मागावीत: संपूर्ण झाड, फुलाची बाजू, फुलाची पाठ आणि पानाच्या दोन्ही बाजू एका चौकटीत. सोबत तारीख आणि समुद्रसपाटीपासूनची उंची. छापायला समोरचे देखणे चित्र घ्यावे, नाव ठरवायला बाकीची.

— एक वाचक, पुणे