गरम पाण्याच्या प्रेशर वॉशरचा दाब कमी झाल्याबद्दल व वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

बार्शी-सोलापूर रस्त्यावर माझे वाहने धुण्याचे छोटे केंद्र आहे. मी आणि माझा भाऊ स्वतः तिथे काम करतो आणि आमचे घर त्यावरच चालते. आपल्या कंपनीचे डिझेल बर्नरचे मशीन (१८० बार, मिनिटाला १५ लिटर) आम्ही आठ महिन्यांपूर्वी घेतले, कारण गळीत हंगामात येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरचे आणि जेसीबीचे ग्रीस थंड पाण्याने सुटत नाही.

गेल्या दीड महिन्यापासून मशीनचा दाब ११० बारच्या वर जात नाही. आपल्या सर्व्हिस इंजिनिअरने दहा मिनिटे मशीन चालवून पाहिले, बोअरच्या पाण्यामुळे कॉइलमध्ये (पाणी तापवणाऱ्या नळीच्या वेटोळ्यात) क्षार साचले असल्याने ही बाब वॉरंटीत बसत नाही असे सांगितले आणि तरीही पंपाचे सील किट बदलून ६,८०० रुपये घेतले. दाब मात्र होता तिथेच राहिला. क्षार कॉइलमध्ये असतील तर पंपाचे सील कशासाठी बदलले, याचे उत्तर मला मिळाले नाही.

आमच्याकडचे पाणी जड आहे हे मला मान्य आहे. म्हणूनच विक्रेत्याच्या सांगण्यावरून पहिल्या दिवसापासून पाण्याचा जडपणा कमी करणारा सॉफ्टनर बसवला आहे. पण कॉइल चोंदली असती, तर पाणी पुढे जायला अडून कॉइलच्या आधीचा, म्हणजे पंपावरच्या गेजचा दाब चढलेला दिसला असता आणि फक्त गनकडे तो कमी पडला असता. इथे पंपावरचा गेजच ११० दाखवतो. इंजिनिअरने या गेजकडे एकदाही पाहिले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

त्यानंतर मी स्वतः तपासणी केली. पाणी आत येण्याची जाळी साफ केली, टाकी भरलेली ठेवली आणि त्याच नंबरचे नवे नोझल लावले. नोझल काढून पाणी मोजले, तेव्हा २० लिटरची बादली ८० सेकंदांत भरली, म्हणजे पंप पूर्ण १५ लिटर पाणी देतो. मग अनलोडर वॉल्व्हची (गन बंद असताना पंपाचे पाणी परत टाकीकडे वळवणाऱ्या झडपेची) बायपास नळी टाकीतून काढून बादलीत सोडली. गन दाबलेली असताना त्या नळीतून पाणी जवळपास यायलाच नको. पण करंगळीएवढी धार सतत पडत होती आणि एका मिनिटात सव्वातीन लिटर पाणी जमले. दाबाची मूठ पूर्ण आवळली तरी गेजचा काटा हलला नाही. वॉल्व्ह आतून बसत नाही, हे यावरून स्पष्ट आहे. वॉल्व्हवर कंपनीची मोहोर असल्याने मी तो उघडलेला नाही.

तरी अनलोडर वॉल्व्ह वॉरंटीत बदलून द्यावा, सील किटचे ६,८०० रुपये परत करावेत आणि तपासणीचा लेखी अहवाल द्यावा, ही विनंती. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणारा हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकच ठरतो; त्यामुळे १५ दिवसांत कार्यवाही न झाल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

पुढच्या भेटीत पंपावरचे गेज आणि बायपासची नळी या दोन्ही गोष्टी माझ्यासमोर तपासाव्यात. तोपर्यंत मशीन आहे त्याच स्थितीत ठेवत आहे.

आपला,
एक ग्राहक
बार्शी, जि. सोलापूर

सोबत: खरेदी बिल, वॉरंटी कार्ड व सील किटची पावती यांच्या प्रती