'रन' म्हणजे केवळ धावणे नव्हे

संपादक महोदय,

शालेय इंग्रजी-मराठी शब्दकोशांत 'रन' या शब्दापुढे 'धावणे, पळणे' एवढेच अर्थ देऊन विषय संपवला जातो, हे खटकते. ऑक्सफर्डच्या बृहद्कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट'ची नोंद सर्वांत लांबलचक होती. पुढील सुधारणेत तो मान 'रन'कडे गेला आणि त्याचे क्रियापद म्हणूनच ६४५ अर्थ नोंदले गेले. यंत्रे, आगगाड्या, संगणक अशी चालणारी प्रत्येक नवी वस्तू या शब्दाने आपल्या पदरात घेतली. इंग्रजीत नाक, नळ आणि धुण्यातला कच्चा रंगही 'रन' होतो. दुकान, घर आणि ताप यांनाही हेच क्रियापद चालते. २००७ साली ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात ठेवी काढण्यासाठी रांगा लागल्या, तोही 'रन'च. गंमत म्हणजे निवडणुकीत अमेरिकी उमेदवार 'रन' होतो, ब्रिटिश मात्र आपल्यासारखाच 'उभा' राहतो.

शब्दकोशकारांनी निदान दहा-बारा प्रचलित अर्थ तरी सोप्या वाक्यांसह द्यावेत. 'लागणे'चे भूक, ठेच, नोकरी आणि आग असे नाना प्रयोग लीलया करणाऱ्या मराठी मुलांना ते मुळीच जड जाणार नाहीत.

आपला,
एक वाचक