बंदूक खुंटीवर, हमीपत्र फायलीत

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : परवान्याची बंदूक घरात ठेवण्याच्या व्यवस्थेबाबत

महोदय,

मी कुडाळ तालुक्यातला शेतकरी. घरात ठासणीची एकनळी बंदूक आहे, शेती संरक्षण परवान्यावरची. आजोबांची वडिलांकडे आली, वडिलांची माझ्याकडे. गवे आणि रानडुकरे भाताची काय नासाडी करतात ते सांगायला हे पत्र नाही. त्यासाठी वेगळे टेबल आहे आणि त्या टेबलाशी माझी जुनी ओळख आहे. बंदूक घरात नेमकी कुठे असते हे मला आजवर एकाही अधिकाऱ्याने विचारलेले नाही, त्याबद्दल लिहितो आहे.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना मागणाऱ्याने शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र द्यायचे असते. वडिलांनंतर परवाना माझ्या नावावर होताना मीही ते दिले. झेरॉक्सच्या दुकानात छापील मिळाले, तिथेच काउंटरवर सही केली. पुढे चौकशीला हवालदार घरी आले. सातबारा पाहिला, शेजाऱ्यांचे जबाब घेतले, चहा घेतला. ते ज्या बाकावर बसले होते त्याच्या मागच्या भिंतीवर, डोक्याच्या वर दोन हातांवर, बंदूक खुंटीला टांगलेली होती. त्यांनी मान वर करून एकदा पाहिले आणि म्हणाले, ‘जुनी दिसते.’ तपासणी झाली.

आता घरातली गोष्ट सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वीची चतुर्थी. मुंबईचे सगळे आलेले, घरात बारा-तेरा पोरे. तुम्हाला ठाऊक असेल, गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे भात पोटरीला येते आणि डुकरांचा उपद्रवही तेव्हाच वाढतो. म्हणजे वर्षभरात घर मुलांनी भरलेले असते आणि बंदूक ठासलेली असते ते दिवस एकच. आरती चालू असताना माझा पुतण्या, वय वर्षे नऊ, माजघरात बाकावर चढला, बंदूक उतरवली आणि घोडा ओढून चाप दाबला. ‘टक्’ असा आवाज झाला. बस, तेवढाच. केप, म्हणजे बार पेटवणारी छोटी टोपी, वडिलांच्या पानाच्या डब्यात होती. नळी त्याच्या सख्ख्या बहिणीच्या दिशेने होती हे तिनेच नंतर सांगितले, तेही हसत.

वडिलांनी पोराला दोन ठेवून दिल्या आणि बंदूक पुन्हा त्याच खुंटीवर टांगली. त्यांचे म्हणणे ठरलेले, ‘केप नसली तर बंदूक म्हंजे दांडो.’

वडील बेफिकीर नव्हते. ठासणीच्या बंदुकीची अडचण शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. बारा बोअरची दुनळी मधून वाकवून उघडली की काडतूस हातात येते. ठासणीत दारू, वर चिंधी, वर छर्रे गजाने ठासलेले असतात. ती रिकामी करायची तर बार काढणे, म्हणजे बंदूक उडवणे, हाच सोपा मार्ग. रात्री डुक्कर आले नाही तर सकाळी उगाच बार कोण काढणार? दारू फुकट जाते आणि गाव गोळा होते. मग केप काढून बंदूक तशीच टांगतात. गजाच्या टोकाला पेच लावून चिंधी आणि छर्रे ओढून काढता येतात, पण ते करणारी माणसे आता थोडी उरली. पेटीत ठेवावी तर कोकणच्या पावसात नळीला गंज धरतो, म्हणून वारा लागेल अशा जागी भिंतीवर. दारूचा डबा तर आजोबा चुलीवरच्या माळ्यावर ठेवत, सर्दावू नये म्हणून. आठवले की आजही अंगावर काटा येतो.

सरकारला आमच्या बंदुकीची काळजी वाटते ती निवडणुकीत. २०२४ साली विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, भात कापणीला आलेले. पोलीस पाटलांचा निरोप आला आणि बंदूक ठाण्यात जमा केली. कोणाचे शस्त्र जमा करायचे हे ठरवायला छाननी समिती असते, पण आमच्यापर्यंत पोचतो तो फक्त निरोप. जमा करायलाही माझी ना नाही. पण मतदाराला धाक नको म्हणून जी बंदूक काही आठवडे कुलपात जाते, तीच उरलेली सगळी वर्षे पोरांच्या हाताला लागेल अशी टांगलेली चालते, याची संगती मला लागत नाही.

हा फक्त खेड्यातला प्रश्न आहे असेही नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली, कपाटात ठेवताना हातातून निसटून. दोन दिवस सगळीकडे तीच बातमी होती. घरात भरलेले रिव्हॉल्व्हर कसे ठेवायचे यावर त्यानंतर एक परिपत्रक निघाले असते तरी पुष्कळ होते.

जर्मनीत २००९ साली विनेन्डेन गावाजवळच्या १७ वर्षांच्या मुलाने वडिलांच्या पिस्तुलाने १५ माणसे मारली. वडील नेमबाजी क्लबचे सदस्य, बाकीच्या बंदुका तिजोरीत होत्या. एक पिस्तूल तेवढे झोपायच्या खोलीत राहिले. त्याच वर्षी तिथला कायदा बदलला आणि कसलाही संशय नसला तरी घरी येऊन साठवण तपासायचा अधिकार यंत्रणेला मिळाला. वडिलांवर खटला चालून शिक्षाही झाली. त्यांची तिजोरी आपल्याकडे आणा असे मी म्हणत नाही. तेवढ्या पैशात आमच्याकडे पॉवर टिलर येतो.

कायदा केंद्राचा आहे हे मला माहीत आहे. पण परवाना देणारे आणि त्याची चौकशी करणारे तुमच्या राज्यातले आहेत. ‘सुरक्षित’ म्हणजे काय ते त्यांना एका पानात लिहून द्या. भिंतीला पक्की केलेली पत्र्याची पेटी, बंदूक रिकामी, दारू-केपा किंवा काडतुसे दुसऱ्या कुलपात, पेटीची चावी परवानाधारकाकडेच. दर पाच वर्षांनी नूतनीकरणाची चौकशी होतेच, त्यात ही पेटी उघडून पाहण्याची एक ओळ घाला. ताडपत्री आणि फवारणी पंपाला अनुदान मिळते, तसे याही पेटीला द्या, नाहीतर हे पानही हमीपत्राच्याच फायलीत जाईल. ठासलेली बंदूक बार न काढता रिकामी कशी करायची हे तालुक्याला मराठीत, हातात बंदूक देऊन शिकवा.

आणि बंद घरांचे काहीतरी करा. आमच्या वाडीत सात घरांना कुलूप आहे. म्हातारी माणसे पावसाळ्यात मुलांकडे मुंबईला जातात, बंदूक माळ्यावर राहते. अशा वेळी स्वतःहून ठाण्यात ठेवायला गेले तर ‘आता कुठे निवडणूक आहे?’ असे विचारून परत पाठवतात. परवानाधारक वारला तर बंदूक ताबडतोब जमा करायला हवी, पण तेराव्यापर्यंत ते कोणाच्या ध्यानात नसते आणि नंतर भीतीने कोणी बोलत नाही. मृत्यूची नोंद करणाऱ्या ग्रामसेवकाने ‘घरात परवान्याचे शस्त्र आहे का’ एवढे विचारले तरी अर्धे काम होईल.

वडील गेल्यावर मी पेटी करून घेतली. नळी लांब, म्हणून साडेपाच फुटी. चिऱ्याच्या भिंतीत बोल्ट धरेनात, भोके मोठी करून सिमेंट भरावे लागले. तळाला वाऱ्यासाठी जाळी ठेवली, महिन्यातून एकदा नळीला तेल लावतो. बाजारातल्या फॅब्रिकेटरने साडेचार हजार घेतले आणि ‘देवाचे दागिने ठेवता काय?’ असे विचारले. चावी माझ्या करदोट्याला असते. केपा बायकोच्या कपाटात, त्या कुलपाची चावी मला माहीत नाही आणि मी विचारतही नाही.

पुढच्या वर्षी माझे नूतनीकरण आहे. हवालदारसाहेब येतील. चहा मिळेलच, फक्त पेटी उघडून दाखवा असे त्यांनी म्हणावे, एवढी व्यवस्था तोवर व्हावी.

आपला,
एक शेती संरक्षण परवानाधारक
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग