स्तोत्र ८८ वाचून तिथेच थांबलात, त्याबद्दल

प्रिय मावशी,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

हे पत्र चारचौघांत लिहितो आहोत, कारण तुम्ही जे केलंत ते दुःखाच्या घरी भेटीला जाणाऱ्या प्रत्येकाने शिकून घ्यावं असं आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. घरावर काय आलं होतं तेही इथे नको.

तुमच्या आधी पुष्कळ जण येऊन गेले. बहुतेकांच्या ओठांवर एकच वचन, बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्रातलं ८:२८ : देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणच करतात. वचन खरं आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण त्याच अध्यायात २२व्या वचनात सृष्टी कण्हते, २३व्यात विश्वासणारे कण्हतात आणि २६व्यात, काय मागावं हेच आपल्याला सुचत नाही तेव्हा, पवित्र आत्मा आपल्यासाठी कण्हतो. एवढं सगळं कण्हणं झाल्यावर पौल २८ लिहितो. भेटीला येणारी मंडळी मात्र चप्पल काढता काढताच २८वर येऊन पोचतात. एका सद्‌गृहस्थांनी तर "घरात काही पाप लपलंय का, जरा तपासा" असंही सुचवलं. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या इयोबाच्या मित्रांची गतही हीच. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते, तोवर त्यांच्याइतके चांगले मित्र नाहीत. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देवाने त्यांनाच सुनावलं की माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, इयोब बोलला. जाब विचारणारा इयोब!

तुम्ही आलात, बसलात, "वाचू का?" असं विचारलंत आणि होकार मिळाल्यावरच शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलंत. काढलंत ते स्तोत्र ८८. अठरा वचनं, आणि शेवट अंधारात. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे आशेवर येतात, हे येत नाही. शेवटचं वचन वाचून झालं, तुम्ही बोट तिथेच ठेवलंत आणि पान न उलटता शास्त्र मिटलंत. पुढचंच ८९वं स्तोत्र देवाची दया सदासर्वकाळ गाईन असं म्हणत सुरू होतं. तिथे जायला एक पान पुरलं असतं. तुम्ही गेला नाहीत. "पण" नाही, "तरीसुद्धा" नाही. थोडा वेळ बसलात, "येते" म्हणालात आणि निघालात. आमच्या लेखी सगळ्या भेटींत मोलाचं काही असेल तर ते न उलटलेलं पान.

त्यात किती जाण होती ते आता कळतं. स्तोत्र ८८ नीट वाचलं तर त्यातला माणूस सगळं देवाच्या तोंडावर बोलतो. खोल गर्तेत तू टाकलंस, लाटा तुझ्या, माझी माणसं तूच माझ्यापासून दूर केलीस. नशिबाला, ग्रहांना, शत्रूला तो बोल लावत बसत नाही. ज्याच्या हाती सगळं आहे असं तो मानतो त्याच्याशीच भांडतो. म्हणजे देवाच्या सार्वभौमत्वावर पक्का विश्वास असल्याशिवाय हे स्तोत्र म्हणताच येत नाही. आणि पहिल्याच ओळीत तो त्या देवाला आपला तारणारा म्हणून हाक मारतो.

'सगळं देवाच्या हाती आहे' हे दुखावलेल्याने देवाला म्हणायचं असतं, बघ्याने दुखावलेल्याला ऐकवायचं नसतं. योसेफाचं उदाहरण सगळे देतात : तुम्ही वाईट योजलंत, देवाने त्यातून चांगलं योजलं. वाक्य कुणाचं आणि कधीचं, हे कोण बघतो? भावांनी खड्ड्यात टाकलं आणि तो गुलाम म्हणून विकला गेला त्या सुमारास योसेफ १७ वर्षांचा. मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा ३०. पुढे सुकाळाची ७ वर्षं, दुष्काळाची २, आणि मग, म्हणजे बावीसेक वर्षांनी, "देवाने मला पुढे पाठवलं" असं तो पहिल्यांदा भावांना म्हणतो. त्याआधी इतका मोठ्याने रडतो की बाहेरच्या मिसरी लोकांना ऐकू जातं. 'चांगलं योजलं' हे वाक्य त्याच्याही नंतरचं, वडील याकोब वारल्यावरचं. खड्ड्याच्या काठावर भावांनीच ते म्हटलं असतं तर त्याला विश्वास म्हणाल की निर्लज्जपणा?

दुसऱ्या भेटीत तुम्ही प्रार्थना लिहायला शिकवलीत, स्तोत्र १३च्या बेताने. सहा वचनांचं स्तोत्र. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चारदा, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. कागदावर आधी देवाला नावाने हाक, मग तक्रार, तीही मोघम नको, नेमकी. "आम्हाला शक्ती दे" असं गुळमुळीत न मागता काय हवंय ते उघड मागायचं. भरवशाची ओळ शेवटी. आणि तुमची ताकीद : ती ओळ आज येत नसेल तर जागा कोरी सोडा, खोटी लिहू नका. बरेच जण हीच ओळ आधी लिहितात, तक्रार पोटात ठेवतात, आणि मग रात्री तीच वर येते. दुसऱ्या दिवशी शब्द तेच आले तरी हरकत नाही. गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदाही त्याच शब्दांत प्रार्थना केली.

औषधपाणी, झोप, कागदपत्रं याबाबत मात्र तुम्ही कडक होतात, बरं झालं. 'देव बघून घेईल' म्हणत गोळ्या बंद करणारे आणि तसा सल्ला देणारे दोघेही तुम्हाला खपत नाहीत. त्यासाठी तुम्ही प्रेषितांची कृत्ये २७ काढलंत. वादळात सापडलेल्या तारवावर पौल धरून २७६ माणसं, सगळी वाचतील असा देवदूताचा शब्द. तरीही खलाशी नांगर टाकायच्या मिषाने तारवावरची लहान होडी पाण्यात उतरवून पळू लागले तेव्हा पौल शिपायांच्या अधिकाऱ्याला, शताधिपतीला, सांगतो की हे तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. चौदा दिवस उपाशी असलेल्यांना तो आधी जेवायला लावतो. देवाने शेवट ठरवलेला आणि खलाशांची गरजही खरी. दोन्हींची सांगड कशी, ते हे पुस्तक लिहिणारा लूक समजावत बसत नाही.

शांती आली का, असं लोक विचारतात. येते, जाते. फिलिप्पैकरांस पत्र ४:६-७ मध्ये मागण्या देवाला कळवा असं म्हटलंय, आणि त्यापुढचं अभिवचन शांती राखण करील एवढंच आहे. मागितलेलं मिळेलच असं तिथे लिहिलेलं नाही. मत्तयात येशू चिमण्यांचं बोलतो तेव्हाही चिमणी पडतच नाही असं म्हणत नाही, पित्यावाचून पडत नाही असं म्हणतो. मत्तयात दमडीला दोन चिमण्या, लूकमध्ये दोन दमड्यांना पाच. म्हणजे पाचवी वर टाकलेली, किंमत शून्य. तिचाही देवाला विसर पडत नाही. हे तुम्ही अगदी शेवटच्या भेटीत सांगितलंत, आम्हीच विचारल्यावर.

साधी माणुसकी म्हणतात ती हीच असावी. विचारून बसणं, वेळेत उठणं, आपल्याला ठाऊक असलेलं सगळं न बोलणं. फार शिकलेल्यांनाही जमत नाही आणि काहींना न शिकता येतं.

आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भेटीला जाणाऱ्यांचा गट नव्याने बसवायचा घाट आहे असं ऐकलं. त्यांना चार गोष्टी सांगायला तुम्हाला बोलावलं तर नाही म्हणू नका. आणि सुरुवात स्तोत्र ८८ने करा.

तुमचे ऋणी,
तुम्हाला ठाऊक असलेलं एक घर