आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : ‘मासे खा’ म्हणता, पण कोणते?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

कोळीवाड्यातल्या गरोदर बाईच्या ताटात रोज मासळी असते. तिला ‘मासे खा’ एवढेच सांगून भागत नाही. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील यांत पारा सहसा नगण्य असतो. मुशी (शार्क), कुपा (टूना), मोठी सुरमई हे दुसऱ्या माशांवर जगणारे, त्यामुळे खालच्यांचा मिथिल पारा (पाऱ्याचे माशांत साठणारे, बाळाच्या मेंदूला घातक रूप) त्यांच्या अंगात साठत जातो. तो चरबीत नसतो, मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. कातडी सोला, आगळात मुरवा, तळा नाहीतर उकळा, तो जागचा हलत नाही.

बाजारातला मासा नियमात बसतो, मग काळजी कसली, असे आपले अधिकारी म्हणतील. हिशेब करून पाहा. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) यांच्या तज्ज्ञ समितीने 2003 मध्ये मिथिल पाऱ्याची आठवड्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 1.6 मायक्रोग्रॅम ठरवली. 50 किलोच्या बाईला आठवड्याला 80 मायक्रोग्रॅम. शार्कसाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या आयोगाची) मिथिल पाऱ्याची कमाल मर्यादा किलोला 1.6 मिलिग्रॅम आहे. म्हणजे या नियमाच्या काठावर बसणाऱ्या मुशीची 50 ग्रॅमची एक तुकडी खाल्ली की आठवडा संपला. तेच किलोला 0.05 मिलिग्रॅम पारा असलेला बांगडा असेल, तर दीड किलो खाऊनही मर्यादा गाठली जात नाही. आठवड्यातून एकदा मासे खाणाऱ्या घराला हा नियम पुरतो, रोज खाणाऱ्या घराला नाही.

बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशी देण्याची चाल किनाऱ्यावर आहे. तिच्यावर तुटून पडू नका. खरा धोका त्याआधीचा: मिथिल पारा वार (प्लासेंटा) ओलांडतो आणि बाळाच्या रक्तात आईपेक्षा जास्त साठतो. दुधातून त्यामानाने कमी उतरतो. शिवाय हातभर लांबीची मुशी आणि पुरुषभर लांबीची मुशी यांना एकाच मापाने मोजता येत नाही. आधी तपासा, मग बोला.

तपासणी ससून डॉक, हर्णे, मिरकरवाडा, मालवण इथून सुरू करता येईल. प्रत्येक जातीचे लहान, मध्यम, मोठे असे नमुने घ्यावेत, लांबी-वजन टिपावे आणि प्रत्येक मासा वेगळा तपासावा. दहा माशांचा एकत्र लगदा केला की मोठ्याचा आकडा सरासरीत बुडतो. अहवाल ओल्या वजनावर हवा. सुकवलेल्या नमुन्याचा आकडा चार-पाच पट दिसतो, आणि तोच नेमका बातमीत जातो.

माणसांची तपासणी करताना लघवी मागवू नका. मिथिल पारा लघवीत जवळजवळ उतरतच नाही, अहवाल ‘सर्व ठीक’ येतो आणि बाई निश्चिंत होते. (लघवीत पारा जास्त निघालाच, तर आधी गोरेपणाच्या क्रीमची चौकशी करा.) केस घ्या: डोक्याच्या मागच्या बाजूने पेन्सिलीइतकी बट, त्वचेलगत कापलेली, मुळाकडच्या टोकाला दोरा बांधून कागदी पाकिटात. दोरा विसरला तर टोक कोणते ते कळत नाही आणि नमुना वाया जातो. केस महिन्याला सुमारे सेंटिमीटरभर वाढतो, म्हणून मुळाकडचे तीन सेंटिमीटर म्हणजे गेले तीन महिने. ग्रॅमला 1 मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला तर मासे बंद करायला सांगू नका. मोठी मासळी थांबवून बांगडा-तारलीवर आणा. ओमेगा-3 आणि प्रथिने बाळाला हवीतच.

माता-बाल कार्डावर हे चित्रांसह छापा. ‘शार्क’, ‘टूना’ नको. मुशी, कुपा लिहा, सिंधुदुर्गात मोरी लिहा. आणि सल्ला गरोदरपणाच्या नोंदणीपर्यंत थांबवू नका. अंगातला पारा निम्मा व्हायला साधारण 50 दिवस लागतात, बाळाचा मेंदू तोवर घडू लागलेला असतो. आशाताईंनी लग्न होऊन आलेल्या मुलीलाच हे सांगायला हवे.

आपले,
सागरी अन्न आणि विषशास्त्राचे अभ्यासक