हिरड्यांचा आजार वयावर ढकलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘वय झालं, आता दात हलणारच’ हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की हिरड्यांच्या आजाराला कोणी आजार म्हणून धरतच नाही. दाढ ठणकली की माणूस रात्री-अपरात्री दवाखाना गाठतो. हिरड्या मात्र फारशा दुखत नाहीत. ब्रश करताना रक्त येते, तोंडाला वास येतो, हिरडी मागे सरकून दात लांब दिसू लागतात. तोवर दाताला धरून ठेवणारे हाड आतून झिजलेले असते, आणि ते पुन्हा पूर्ववत भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात एक अब्जाहून अधिक लोकांना हा आजार तीव्र स्वरूपात आहे.

या आजाराने रोजच्या जगण्याचे काय होते, ते माझ्या आत्याकडे पाहून कळते. तिला मधुमेह आहे. डॉक्टर सांगतात, ज्वारीची भाकरी, काकडी, मोड आलेली कडधान्ये खा. पण चावणार कशाने? भाकरी आधी दुधात कुस्करून खायची, मग तीही सुटली. आता मऊ भात आणि चहात बुडवलेली बिस्किटे. त्याने साखर वाढते, वाढलेल्या साखरेने हिरड्या आणखी बिघडतात, आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. गोळ्या वाढवल्या गेल्या, पण ‘काय चावता येत नाही?’ हे तिला कोणीच विचारले नाही. तोंडाला वास येतो म्हणून ती पदर आड धरून बोलते. भजनी मंडळात जाणेही तिने बंद केले. घरच्यांना वाटले, गुडघे दुखत असतील.

तोंडाच्या आजाराचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो, हे मोजण्यासाठी दंतवैद्यकात चौदा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. जेवण अर्ध्यावर सोडावे लागते का, चारचौघांत लाज वाटते का, चिडचिड होते का, असे ते प्रश्न आहेत. आत्याच्या बाबतीत बहुतेकांचे उत्तर ‘हो’ येईल.

त्यात मिश्री. मिश्रीने हिरड्या घट्ट होतात, रक्त थांबते, असे बायका मनापासून मानतात. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त कमी दिसते. आजार आत वाढतच राहतो, फक्त त्याची खूण झाकली जाते. दुसरा गैरसमज म्हणजे ‘दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात’. दात आधीच सैल झालेला असतो, दातांवर साचून घट्ट झालेल्या थराने, म्हणजे किटणाने, तो जखडून ठेवलेला असतो एवढेच. किटण निघाले की त्याचे हलणे जाणवते.

तिशीपुढच्या लोकांची मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाचा कर्करोग यांसाठी सरकारी तपासणी होते. म्हणजे तोंड उघडून पाहायचेच असते. त्याच वेळी हिरड्या पाहिल्या, रक्त येते का, काय खाणे सुटले, एवढे विचारले आणि मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला दंतचिकित्सकाकडे पाठवले, तर दात पडायच्या आधी उपचार होतील. सुरुवातीची सूज किटण काढून आणि नीट ब्रश करून पूर्ण बरी होते. आरोग्य विभागाने ही सूचना जरूर विचारात घ्यावी.

आपल्यालाही एक विनंती. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतचिकित्सक कोणत्या वारी असतात, याची तालुकावार यादी जिल्हा पानावर छापावी. खाजगी दवाखान्याचा खर्च न झेपणाऱ्यांना त्याचा फार उपयोग होईल.

आपली,
एक वाचक, जि. सातारा