विषय: 'उत्तम' श्रेणीतल्या जुन्या पुस्तकातली 32 पानं गायब, वर परतावाही नाकारला

प्रति, ग्राहक सेवा प्रमुख,

काल संध्याकाळी माझं तिकीट तुम्ही 'समस्या सुटली' म्हणून बंद केलंत. सुटलीय ती फक्त पुस्तकाची शिवण.

मार्गारेट मिचेलच्या 'गॉन विथ द विंड'ची जुनी प्रत, 349 रुपये. पान 352 नंतर थेट 385. मधले अख्खे दोन फर्मे (एकत्र शिवलेल्या पानांचे गठ्ठे) नाहीत. पिवळी पानं, आधीच्या मालकाची सही, कव्हरवरचा चहाचा डाग, यातल्या कशाबद्दलही मी बोलत नाही. रद्दीच्या दुकानांतून पुस्तकं शोधण्यात माझी चाळीस वर्षं गेली. पण रद्दीवाला 'पानं तपासली' असं स्टिकर लावत नाही. तुम्ही लावलंय, तेही नेमकं त्या सहीवर.

आणि गेली कुठली पानं? 352 वर नायिका स्कार्लेटच्या नणंदेला, मेलनीला, कळा सुरू आहेत, डॉक्टरचा पत्ता नाही, उत्तरेच्या सेनापती शर्मनची फौज अटलांटाच्या दाराशी. 385 वर स्कार्लेट घोडागाडीत जागी होते आणि शेजारी तान्हं बाळ! अमेरिकेच्या यादवी युद्धात, सप्टेंबर 1864 मध्ये, दक्षिणेच्या सैन्याने स्वतःचाच दारूगोळा पेटवून शहर सोडलं. साडेतीनशे पानं जिची वाट पाहिली ती रात्रच माझ्या प्रतीत नाही.

आता कालचा फोन. तेवीस मिनिटं बासरी ऐकवल्यावर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "मॅडम, रिटर्न रिजेक्ट झालंय. पिकअपवाल्याला पानं कमी आढळली."

"अहो, तीच तर माझी तक्रार आहे!"

"हो मॅडम, पण आयटम पूर्ण असेल तरच परत घेता येतो."

म्हणजे 32 पानं आधी मी छापून आणायची, मग पुस्तक परत करायचं? तरी मी शांत राहिले. (खरंच राहिले. कॉल रेकॉर्ड होतो म्हणता ना, ऐका.) तर हा म्हणतो, "मॅडम, पिक्चर बघून घ्या ना, स्टोरी सेमच आहे."

सेम? कादंबरीत स्कार्लेटला तीन मुलं आहेत, 1939 च्या सिनेमात एकच. उरलेली दोन काय 'वापराच्या सामान्य खुणा'त धरायची? इथे माझा आवाज चढला असेल.

त्याआधीच्या फोनवर तर मलाच विचारलं होतं, पॅकेट उघडताना पानं फाटली का! दोन फर्मे पॅकेट उघडताना फाटत नाहीत हो. पुस्तकं विकता, एवढं तरी माहीत असावं. तुमच्याकडून साठेक पुस्तकं घेतली, चार जणींना तुमचं नाव सुचवलं. आता त्या चौघींना काय तोंड दाखवू?

आठ दिवसांत पैसे किंवा पूर्ण प्रत. 32 पानांसकट. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार माझ्याच जिल्ह्यात करता येते, एवढ्या रकमेला फी लागत नाही, आणि मी निवृत्त आहे.

ता. क. सोबत आलेलं 'हॅपी रीडिंग'चं बुकमार्क तूर्त 352 वर ठेवलं आहे.